पासवर्ड, परवल की किल्ली?

बॅकअपची हार्ड डिस्क मी एन्क्रिप्ट केली आहे. लिनक्सवर ती लावली की कधीकधी लागोपाठ दोन चौकटी उघडतात. एक डिस्कचा पासवर्ड मागते, दुसरी माझा लॉगिनचा. डिस्क माउंट करायची, म्हणजे वापरायला जोडून घ्यायची, परवानगी मला आहे ना, हे बघायला. दोन्हींवर शब्द एकच : 'पासवर्ड'. काल डिस्कच्या चौकटीत मी पाच वेळा लॉगिनचाच पासवर्ड टाकला आणि डिस्क बिघडली म्हणून घाबरलो. मराठीत दोघांना वेगळे शब्द सापडतील का? 'परवलीचा शब्द' कुठे शोभेल?

प्रतिसाद : लॉगिनला. चौकीवरचा पहारेकरी परवल विचारतो, आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दाशी पडताळतो आणि आत सोडतो. लॉगिनलाही पडताळणीच होते, फक्त मूळ शब्दाऐवजी त्याचा साठवलेला हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा, वापरून. विसरलात तर अ‍ॅडमिन नवा पासवर्ड लावून देतो. डिस्कपाशी असा पहारेकरीच नाही. तिथे तुम्ही टाकलेल्या अक्षरांतून गणिताने किल्ली घडते. ती चुकली तर कुणाकडेही रदबदली करता येत नाही, आतला मजकूर वाचताच येत नाही. क्रियापदेच बघा ना : परवल सांगतात, किल्ली लावतात. 'पासवर्ड टाका' म्हटले की हा फरक पुसला जातो.

प्रतिसाद : पटले. पण 'परवलीचा शब्द' आता दुसऱ्याच अर्थाने रुळलाय. 'विकास हा परवलीचा शब्द झाला आहे' म्हणजे जो तो तेच म्हणतो! गुपिताला हा शब्द कसा द्यायचा? नुसते 'परवल' ठेवा, त्याला अजून तो अर्थ चिकटलेला नाही.

प्रतिसाद : किल्लीबद्दल थोडी दुरुस्ती. लक्समध्ये (LUKS, लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायची नेहमीची पद्धत) डेटा ज्या मुख्य किल्लीने बंद होतो ती यंत्राने स्वैर निवडलेली असते. आपल्या शब्दांतून घडते ती छोटी किल्ली, मुख्य किल्ली ठेवलेली पेटी उघडणारी. म्हणून तर पासवर्ड बदलला तरी अख्खी डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट करावी लागत नाही. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत अशा ८ पेट्या असत, दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत करता येतात. तेव्हा 'पेटीची किल्ली' जास्त नेमके. आणि कृपा करून 'की' नको. बिटलॉकरच्या (विंडोजमधली डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) ४८ अंकी संख्येला 'रिकव्हरी की' म्हणतात; 'रिकव्हरी की हरवली की काय करायचे' हे वाक्य वाचताना मी दर वेळी अडखळते.

मूळ प्रश्नकर्ता : आता कालचा घोळ कळला, मी पेटीच्या कुलपाला परवल सांगत बसलो होतो. अजून एक. त्याच चौकटीत 'कायम लक्षात ठेव' असा पर्याय आहे. तो निवडला तर किल्ली कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या जागेत, जाते आणि कीरिंग लॉगिनच्या पासवर्डने उघडते. म्हणजे परवल सांगितली की पहारेकरी किल्ली हातात देतो. कीरिंगला 'जुडगा' म्हटले तर? घरी किल्ल्यांचा जुडगाच म्हणतो आपण.

प्रतिसाद : जुडगा उत्तम. 'किल्ली जुडग्यात ठेवू का?' असे चौकटीने विचारले, तर होय म्हणण्याआधी माणूस क्षणभर थांबेल.