मदत हवी आहे: १९७१ ची फियाट ११०० डिलाइट, मूळ इंजिन बांधावं की दुसरं बसवावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९७१ ची फियाट ११०० डिलाइट आहे. आजोबांनी नंबर लावून घेतलेली, पुढे अप्पांच्या म्हणजे वडिलांच्या नावावर झाली. बरीच वर्षं होटगी रोडच्या घरी शेडमध्ये उभी आहे. ती परत रस्त्यावर आणायची हे घरात पक्कं झालंय, पण कशी आणायची यावर एकमत होत नाही. दादा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, जुनं इंजिन काढून मारुती ईकोचं बसवायचं, म्हणजे चावी फिरवली की गाडी चालू आणि पाहिजे तिथे बिनघोर जाता येईल. मला मूळ इंजिनच बांधून घ्यावंसं वाटतं. अप्पा ८१ वर्षांचे आहेत. दोघांचंही ऐकून घेतात आणि म्हणतात, "मला एकदा हिच्यातनं तुळजापूरला न्या, मग काय करायचं ते करा."

आता गाडीची अवस्था सांगते.

बॉडी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, आपल्याकडच्या कोरड्या हवेचा हा फायदा. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, डाव्या दाराखालच्या पट्टीत दोन ठिकाणी भोकं आहेत आणि डिकीच्या तळाला गंज आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे ही पट्टी आणि फ्लोअर नीट वेल्डिंग करून घ्यायचं ठरवलंय. त्यावर वाद नाही. स्टिअरिंगवरचा गिअर चारही पडतात. डायनामो चार्ज करत नाही. ब्रेकचे सिलिंडर गळतात, ते सगळे बदलणारच आहे.

इंजिन जाम नव्हतं. प्लग काढून आत थोडं तेल सोडलं, हाताने फिरवून पाहिलं, नवी बॅटरी लावली आणि बाटलीतून पेट्रोल देऊन चालू केलं. चालू झालं! अप्पा शेडच्या दारात उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. पण सायलेन्सरमधून निळा धूर भरपूर येतो आणि एक सिलिंडर मारत नाही हे ऐकूनच कळतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब धरतो ते, असं आलं: पहिला ११५, दुसरा ११०, तिसरा ६०, चौथा ११२ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर तेल घालून परत तपासलं तर ९५ पर्यंत गेलं. मिस्त्री म्हणाले, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात, व्हॉल्व्ह बहुतेक ठीक असावेत.

दोन ठिकाणी अंदाज घेतला. मूळ इंजिनचं पूर्ण काम, म्हणजे बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, टायमिंग चेन, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, क्लच प्लेट, सगळं धरून साधारण ऐंशी हजार. लेथ आणि ग्राइंडिंगचं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होतं. यंत्रमागांचे सुटे भाग बनवणारी मंडळी आपल्या गावात आहेत, तेव्हा हात चालवणाऱ्या माणसांची चिंता नाही. जगभरच्या कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापूरचीच. अशा गावात १०८९ सीसीचं एक साधं चार सिलिंडरचं इंजिन नीट बांधता येऊ नये, हे मला पटत नाही. ईकोचं वापरलेलं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि मजुरी मिळून एक लाख तीस हजार सांगितलेत, "बाकी जे निघेल ते वेगळं" असं म्हणून.

दादाचं म्हणणं मी हलकं समजत नाही. त्याचे मुद्दे तीन आहेत.

पहिला, सुटे भाग. मुंबईत पद्मिनी (याच गाडीचं पुढचं रूप) टॅक्सी म्हणून धावत होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय हवं ते मिळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली. तो म्हणतो, आता नवे भाग कोण कुणासाठी बनवणार?

दुसरा, आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो. या इंजिनचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो, त्यातलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. लहानपणी अप्पा पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबायचे, ते आम्ही दोघांनी पाहिलंय. आता ८१ वर्षांच्या माणसाला भर उन्हात रस्त्याकडेला बसवायचं का, हा त्याचा प्रश्न मला लागतो.

तिसरा, पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, उसातून इथेनॉल होतं आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९७१ च्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि सोलेक्स कार्बोरेटरची सीलं या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत.

माझी बाजू अशी आहे. ही गाडी चालते कशी हे अप्पांना कानाने कळतं. बॉनेट उघडलं की प्रत्येक नट त्यांना माहीत आहे, त्यांनी मला टॅपेट सेट करायला याच इंजिनवर शिकवलं. आणि ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापुरातलाच, १८८२ चा. आपल्या माणसाच्या कारखान्यातून निघालेली गाडी आपल्याच गावात तिच्या मूळ इंजिनवर चालावी असं मला मनापासून वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर अप्पांना गाडीत बसवता येणार नाही, म्हणून विचारतेय.

माझे प्रश्न:

कॉम्प्रेशनचे हे आकडे बघता पूर्ण काम करायला हवं की तिसऱ्या सिलिंडरपुरतं भागेल? उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, त्या व्हेपर लॉकवर कायमचा उपाय कुणी केलाय का? ईको किंवा जिप्सीचं इंजिन प्रत्यक्ष बसवलेलं कुणी इथे आहे का, आणि आरटीओत त्याचं काय झालं? आरसीची मुदत संपलेली आहे, नूतनीकरण आधी करायचं की इंजिनचं काम आधी? ५० वर्षांवरच्या गाड्यांची जी विंटेज नोंदणी निघालीय, ती आम्ही घ्यावी का?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. फोटो संध्याकाळी टाकते.

प्रतिसाद

ताई, मी पद्मिनीत जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन बसवलंय, २०१९ च्या आधी. गाडी झकास पळते, सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पुण्याला जाऊन येतो. तेव्हा वाईट बोलणार नाही. पण तुमच्या मिस्त्रींनी "बाकी जे निघेल ते वेगळं" म्हटलंय ना, खरा खर्च तिथेच आहे. इंजिन बसलं की माउंटिंग नवीन, ऑइल सम्प खालच्या क्रॉस मेंबरला अडतो म्हणून तो कापून बदलायचा, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायचा, रेडिएटर मोठा करायचा. मग लक्षात येतं की चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी होते. ईकोच्या जुन्या १२०० इंजिनाची ताकद ७३ च्या आसपास. पुढे डिस्क ब्रेक केल्याशिवाय ती गाडी घरच्यांना घेऊन हायवेला काढू नका. शिवाय ते इंजिन फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे ईसीएम (इंजिनचा कंप्युटर), सेन्सर, टाकीत इलेक्ट्रिक पंप, परतीची लाइन, सगळं आलं. स्टिअरिंगवरचा गिअर जाणार आणि खाली फ्लोअर कापावा लागणार. अप्पा ज्या गाडीत बसायचं म्हणतात, ती ही राहील का, ते तुम्हीच बघा.

माझी गाडी भंगारात निघालेली होती, इंजिन नव्हतंच. तुमचं चालू आहे.

प्रतिसाद

कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटची वाट वेगळी आहे, दुसऱ्या कंपनीचं मोठं पेट्रोल इंजिन त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर क्लेम अडकणार.

विंटेज नोंदणीचा नियम जुलै २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी लागते. बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली चालत नाही. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची गाडी वयाने बसते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच. अप्पांना देवदर्शनाला न्यायचं हा तुमचा मुख्य हेतू असेल तर ही नोंदणी घेऊच नका. साधं पाच वर्षांचं नूतनीकरण करा, पर्यावरण कर भरा. पासिंगला इन्स्पेक्टर चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून बघतात, म्हणून मूळ इंजिन गाडीत असतानाच ते उरका.

प्रतिसाद

मी फियाटचीच कामं करत आलोय. ताई, आकडे वाचले. बाकीचे तीन सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत, ही चांगली खूण. उभ्या गाडीत एखाद्या सिलिंडरच्या रिंगा गंजून खाचेत चिकटतात, तसंही असू शकतं. ऐंशी हजारांचं काम ठरवायच्या आधी हेड उतरवा. तिसऱ्याच्या भिंतीला ओरखडा नसेल तर होनिंग (भिंत हलकी घासणं) आणि नव्या रिंगांवर भागेल. ओरखडा असेल तर त्या एका सिलिंडरला लायनर (आतून नवी नळी) घालून मूळ माप ठेवता येतं, चारही बोअर वाढवायची गरज नाही. हेड ॲल्युमिनियमचं आहे, कधी काळी तापलं असेल तर वाकतं. सरळ मोजपट्टी लावून तपासा, फेसिंग लागेल तेवढंच करा.

उष्णतेचा अर्धा दोष पंपाचा, अर्धा पाण्याचा असतो. ब्लॉकच्या बाजूचे प्लग काढून आतला गाळ धुवा, वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाडीत तिथे चिखल बसलेला असतो. रेडिएटरची कोर नवीन करा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवा, मध्ये पत्र्याची आड लावा. टाकीजवळ कमी दाबाचा छोटा इलेक्ट्रिक पंप बसवा, सोबत अपघातात बंद होणारा स्विच हवाच. दाब जास्त झाला तर सोलेक्सची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) उचलली जाऊन पेट्रोल सांडतं, तेवढं जपा. हे सगळं पुन्हा काढता येतं, गाडी कुठे कापावी लागत नाही.

इथेनॉलसाठी त्याला चालणारे पाइप घ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट बदला, टाकी आतून साफ करून घ्या. पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ होतं, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा. उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका, इथेनॉल ओलावा ओढतं.

आणि अगदीच ब्लॉक गेलेला निघाला, तर १०८९ सीसीचं पद्मिनीचं इंजिन शोधा. तेच घराणं आहे, माउंटिंग जुळतात. आरटीओत कळवून इंजिन नंबर बदलून घ्या. मूळ ब्लॉक तेल लावून घरात ठेवा, विकू नका.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. दादालाही हा धागा वाचायला दिला. ब्रेकचा आणि विम्याचा मुद्दा वाचून त्यानेच फोन केला आणि म्हणाला, ईको राहू दे. पण त्याची अट आहे, इलेक्ट्रिक पंप आणि रेडिएटरचं काम झाल्याशिवाय अप्पांना गावाबाहेर न्यायचं नाही. मला ती मान्य आहे, बरोबरच बोलतोय तो. पहिला फेरा सकाळी लवकर निघून, थंडीत, गड्ड्याच्या म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत करायचा असं ठरतंय. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन ऊन चढायच्या आत होतं.

क्रम असा ठेवतेय: आधी ब्रेक आणि फ्लोअरचं वेल्डिंग, मग आहे त्या इंजिनवर पासिंग, त्यानंतर हेड उतरवायचं. धूर फार आहे, पीयूसीत अडेल असं मिस्त्रींना वाटतं. तसं झालं तर हेड आधी. यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

आणखी एक विचारायचं आहे. तिसऱ्यासाठी लायनर लागला तर स्टँडर्ड मापाचा एकच पिस्टन मिळतो का, की चारचा सेटच घ्यावा लागतो? जुन्या तीन पिस्टनच्या वजनाशी नव्याचं वजन जुळवायला हवं ना? लातूर, कोल्हापूर किंवा पुण्याकडे कुणाकडे जुना साठा असेल तर इथेच लिहा, मी स्वतः येऊन माप घेऊन जाईन. सोलेक्सचं किटही हवंय.