पाट्या रंगवणाऱ्याने डिझाइनचा व्यवसाय कसा सुरू करावा?

प्रश्न : जळगावात दहा वर्षे दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्यानंतर आता लोगो व वेष्टनांच्या डिझाइनचा छोटा व्यवसाय सुरू करावा, असे मनापासून वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन व विनाशुल्क होते, दलालाला पैसे देऊ नयेत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

उत्तर २ : दादा, रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या खोक्यासाठी मी निवडलेला पिवळा रंग संगणकाच्या पडद्यावर लख्ख दिसला, पण तपकिरी पुठ्ठ्यावर छापताच मातकट झाला आणि तो खर्च माझ्याच अंगावर पडला. म्हणून आधी त्याच पुठ्ठ्यावर नमुना छापून घ्यावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे लेखी ठरवावे. आपला हात अक्षरांवर बसलेला आहे, हे भांडवल फार मोठे आहे.