मदत हवी आहे: दोन सीसीटीव्ही रेकॉर्डरपैकी एक सॉफ्टवेअरमधून सारखा तुटतो आणि अडीच तास पुढची वेळ दाखवतो

नमस्कार.

डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत तीन विंग मिळून 27 कॅमेरे आहेत. त्यांच्यासाठी सोळा-सोळा चॅनेलचे दोन नेटवर्क रेकॉर्डर आहेत. जुना अ विंगच्या मीटर खोलीत आहे आणि नवा क विंगच्या जिन्याखालील कपाटात. दोन्ही एकाच कंपनीचे असल्यामुळे तिचेच मोफत डेस्कटॉप सॉफ्टवेअर कार्यालयातील विंडोज संगणकावर घातले असून, दोन्ही रेकॉर्डर त्यात आयपी पत्ता, पोर्ट, वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन जोडले आहेत. पत्ते स्थिर आहेत (192.168.1.201 आणि 192.168.1.202) आणि राउटर ते दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला देणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे. मी संस्थेचा सचिव असलो तरी व्यवसायाने लेखापाल आहे, तेव्हा काही मूलभूत गोष्ट सुटली असल्यास निःसंकोच सांगावे.

पहिली अडचण अशी की, नवा रेकॉर्डर दिवसातून अनेकदा सॉफ्टवेअरच्या यादीत ऑफलाइन होतो. त्या वेळी त्याच्या पत्त्याला पिंग केले (नेटवर्कवरून चाचणी संदेश पाठवला) तर उत्तर व्यवस्थित येते, त्याला थेट जोडलेल्या मॉनिटरवर सर्व कॅमेरे दिसतात आणि चित्रीकरणातही खंड पडत नाही. पुन्हा लॉगिन करू पाहिल्यास ‘वापरकर्ता लॉक आहे’ असा संदेश येतो, आणि साधारण अर्ध्या तासाने काहीही न करता सगळे पूर्ववत होते. मी लॅन केबल बदलली, स्विचचे पोर्ट बदलले, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले. फरक पडला नाही. तंत्रज्ञाने ठेवलेला सोपा पासवर्ड मी महिन्यापूर्वी बदलला होता आणि कार्यालयातील सॉफ्टवेअरमध्ये नवा घातला आहे, त्यामुळे चुकीच्या पासवर्डचा प्रश्न नसावा.

दुसरी अडचण अधिक तातडीची आहे. याच रेकॉर्डरचे घड्याळ काही मिनिटे मागे पडत असे, म्हणून मी त्यात एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय) सुरू केले. त्यानंतर मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास फाटकाशी एका स्कूटरला धक्का बसला. ते चित्रीकरण सातच्या जागी काही केल्या सापडेना आणि अखेरीस साडेनऊच्या जागी सापडले. पोलिसांनी ते मागितले आहे. चित्रावर उमटलेली वेळही साडेनऊचीच आहे. हे दुरुस्त करून द्यावे की जसेच्या तसे?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अडीच तास या आकड्यातच आहे. भारतीय प्रमाणवेळ जीएमटीच्या 5 तास 30 मिनिटे पुढे आहे आणि चीनची 8 तास. आपल्या रेकॉर्डरमध्ये कारखान्यातून आलेला चीनचा वेळविभाग तसाच राहिला असावा. घड्याळ हाताने लावलेले होते तोवर ते लक्षात आले नाही. एनटीपीने अचूक जागतिक वेळ आणली आणि रेकॉर्डरने तीत आठ तास मिळवले. वेळविभाग जीएमटी अधिक 5:30 करा. कॅमेऱ्यांचाही तपासा, कारण चित्रावरची वेळ पुष्कळदा कॅमेरा स्वतः उमटवतो.

परंतु त्याआधी हवे ते चित्रीकरण बाहेर काढून घ्या. घड्याळ मागे घेतले की अडीच तासांच्या त्याच वेळा हार्ड डिस्कवर दोनदा येतात आणि त्या भागातील शोध गोंधळाचा होतो. चित्रावरची वेळ बदलण्याच्या फंदात मुळीच पडू नका. मूळ स्वरूपातील फाइल द्या आणि रेकॉर्डरची वेळ प्रत्यक्षापेक्षा किती पुढे होती, ते मोबाइलच्या घड्याळाशी ताडून लेखी कळवा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमधील माहितीवरून काढलेला संकेतांक, जो फाइल जराही बदलली की बदलतो) लिहायचे असते. त्यामुळे फाइल एकदा काढली की तिला हात लावायचा नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत एवढेच विचारतो: हा रेकॉर्डर आणखी कोणत्या संगणकावर किंवा मोबाइलवर जोडलेला आहे? ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड आला की रेकॉर्डर काही काळ लॉगिन अडवतो, आणि तो चुकीचा पासवर्ड आपल्याच संगणकावरून यावा असे काही नाही. रेकॉर्डरच्या देखभाल विभागात लॉग (घडामोडींची आपोआप होणारी नोंद) असतो, त्यात फसलेल्या लॉगिनसमोर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता मिळेल.

मूळ प्रश्नकर्ता

आपले अनुमान खरे निघाले. लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची रांगच होती आणि सर्वांसमोर एकच पत्ता होता, तो वॉचमनच्या केबिनमधील जुन्या संगणकाचा. त्यावर हेच सॉफ्टवेअर आपोआप सुरू होते आणि जुना पासवर्ड घेऊन रेकॉर्डरचे दार वाजवत राहते. केबिनमधला पडदा महिनाभर काळा आहे, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

तेथे मुख्य पासवर्ड देणे मला योग्य वाटत नाही. म्हणून रेकॉर्डरवर वेगळा वापरकर्ता तयार करून त्याला फक्त थेट दृश्याची परवानगी दिली आहे, जुने चित्रीकरण पाहण्याची किंवा पुसण्याची नाही. वेळविभाग खरोखरच चीनचा होता. मंगळवारची फाइल पेनड्राइव्हवर काढली आहे. पोलीस ठाण्यात जाऊन आल्यावर घड्याळ दुरुस्त करीन.

प्रतिसाद १

मंगळवारचा तो भाग रेकॉर्डरमध्येही लॉक करून ठेवा. प्रत्येक कॅमेरा 4 एमबीपीएस (सेकंदाला 4 मेगाबिट) दराने चालत असेल तर दिवसाला सुमारे 43 जीबी लागतात, म्हणजे सोळा कॅमेऱ्यांची 8 टीबी डिस्क साडेअकरा दिवसांतच भरून जुने पुसू लागते.

मूळ प्रश्नकर्ता

आमची 4 टीबीची आहे. आत्ताच लॉक करतो.