अनुभव धागा : घरातून गेलेली जुनी गाडी शोधताना (गोवा)

आजोबांची डुक्कर फियाट, काकांची अँबॅसिडर, आत्याच्या यजमानांची मर्सिडीझ १८०. गोव्यातल्या पुष्कळ घरांत अशी एखादी गाडी आता फक्त अल्बमात उरली आहे. ती आज कुणाकडे आहे हे कसे शोधायचे, ते या कामात मुरलेल्यांनी इथे लिहावे. आठवणी दुसरीकडे लिहूया. इथे नेमके हवे: कोणता कागद, कोणते कार्यालय, काम कुठे अडते आणि का. लिहिणाऱ्याने घेतलेले नाव त्याच्या मजकुराच्या वर आहे.

सुरुवात मीच करतो. मालकाचे नाव बदलते, रंग बदलतो, इंजिन बदलते, परराज्यात गेली तर नंबरही बदलतो. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला आकडा, तेवढा गाडीला चिकटून राहतो. त्यामुळे पहिले काम म्हणजे तो आकडा मिळवणे.

फोंडेकर

चेसिस नंबर घरातच असतो, पण आपण चुकीच्या कपाटात शोधतो. आरसी बुक गाडीबरोबर गेलेले असते. घरी राहतात ते विम्याचे कागद, कर्जाचे कागद आणि गॅरेजची बिले. विम्याच्या कव्हर नोटवर गाडीचा नंबर, चेसिस, इंजिन आणि ठरवलेली किंमत असे सगळे एका जागी मिळते. १९७३ च्या आधीची पॉलिसी असेल तर वरचे कंपनीचे नाव ओळखीचे वाटणार नाही. त्या वर्षी सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जुन्या कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. ती कंपनी शोधत बसू नका, कागदावरचे आकडे उतरवून घ्या.

कागद पोर्तुगीज असेल तर चार शब्द पुरतात: ‘मार्का’ म्हणजे गाडीची कंपनी, ‘मोतोर’ म्हणजे इंजिन, ‘कोर’ म्हणजे रंग आणि ‘मात्रिकुला’ म्हणजे नोंदणी क्रमांक. ‘चासी’ किंवा ‘क्वाद्रो’च्या पुढचा आकडा आपल्या कामाचा.

कागदवाचक

वरच्यात एक भर घालतो. ही खास गोव्याची आहे आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मालक वारल्यावर वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी होते. पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली ही पद्धत आज २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली चालते. तिच्या यादीत घर-भाटाबरोबर (भाट म्हणजे माडांची बाग) जंगम मालही येतो: दागिने, फर्निचर आणि मोटार. मोटार असली तर सहसा नंबर लिहिलेला असतो, किंमत लावलेली असते आणि ती कोणत्या वारसाच्या वाट्याला गेली तेही कळते. घरातली वकिलाची जुनी फाईल आधी उघडा. ती नसेल तर वारस म्हणून कोर्टातून प्रमाणित प्रत मागता येते. त्यासाठी मयताचे पूर्ण नाव आणि खटल्याचा अंदाजे काळ हवा. नावाचे स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचे असेल हे धरूनच शोधा. आडनावातल्या ‘क’ आणि ‘व’ची इतकी रूपे सापडतात की एका स्पेलिंगवर थांबलात तर फाईल समोर असून दिसणार नाही.

काचेतून

कागदच नसतील तर फोटो. नवी गाडी घेतली की मंगेशीला, म्हार्दोळला नाहीतर कवळ्याला पूजेला न्यायची पद्धत होती आणि तिथे फोटो निघायचाच. लग्नाच्या अल्बमातली गाडी सुंदर दिसते, पण हाराखाली नंबरप्लेट गेलेली असते. देवळासमोरचा फोटो जास्त कामाचा.

छापील फोटो किमान १२०० डीपीआयला स्कॅन करा, निगेटिव्ह असेल तर २४०० च्या पुढे. मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, कागदाची चमक नेमकी आकड्यावर येते. त्या काळच्या प्लेटी पेंटरने हाताने रंगवलेल्या. ३ आणि ८, १ आणि ७, ० आणि ६ यांत गल्लत ठरलेली. खात्री नसलेल्या प्रत्येक आकड्याचे दोन्ही पर्याय लिहून ठेवा. चारांतले दोन आकडे संशयाचे असले तरी एकूण चारच नंबर तपासायचे असतात, ते सहज होते.

गाडीचे साल ओळखायला शरीरखुणा बघा. फोक्सवॅगन बीटलची मागची काच दुभागलेली असेल तर ती मार्च १९५३ च्या आधीची, लंबगोल असेल तर १९५७ च्या मध्यापर्यंतची, त्यानंतर काच मोठी आणि चौकोनी झाली. मॉरिस मायनरची पुढची काच दोन तुकड्यांची असेल तर ती १९५६ किंवा त्याआधीची. फियाटचे पुढचे दार उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, दिसले तर ती डुक्कर फियाट किंवा निदान ११००-डीच्या आधीची. ११००-डी आली तेव्हा दार सुलटे झाले. ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४ चे. घरात सगळे ‘आजोबांची पद्मिनी’ म्हणत असतील आणि फोटो ६८ सालचा असेल, तर गाडी ११००-डी धरून शोधा.

जीडी

नंबरांबद्दल लिहितो, कारण इथेच जास्त लोक वाट चुकतात.

मुक्तीपूर्वीच्या फोटोतला पोर्तुगीज नंबर आजच्या कुठल्याही नोंदीत टाकून काही निघणार नाही. १९६१ नंतर त्या गाड्या भारतीय नोंदणीत आल्या आणि त्यांना जीडी मालिकेतले नंबर मिळाले: जीडी, पुढे एक अक्षर, मग आकडे. म्हणजे त्याच गाडीचा ६१ नंतरचा फोटो किंवा कागद मिळवावाच लागतो. जीए-०१, जीए-०२ ही पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाल्यानंतरची. पुढे जीए-०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को, ०७ पणजी, ०८ मडगाव असे तालुकावार झाले. जुनी गाडी राज्यातच राहिली असेल तर तिचा जीडी नंबर तसाच राहतो, दहा मालक झाले तरी.

राज्याबाहेर गेली की चित्र बदलते. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. गोव्यातल्या गाड्या साहजिकच आधी शेजारी जातात: सिंधुदुर्ग एमएच-०७, कोल्हापूर एमएच-०९, बेळगाव केए-२२, कारवार केए-३०. आपल्याकडच्या नोंदीत ‘एनओसी दिली’ (ना-हरकत दाखला दिला) एवढेच दिसेल. ती कोणत्या आरटीओच्या नावे दिली हे विचारून घ्या आणि पुढचा शोध तिथे चेसिस नंबरावर करा. जीडी नंबर सांगून तिकडे काही हलत नाही.

प्रश्न : परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला, ‘नोंद नाही’ आले. म्हणजे गाडी भंगारात गेली का?

जीडी

नाही. ऑनलाइन नोंद नसणे आणि नोंदणी रद्द होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नूतनीकरण न झालेल्या अनेक गाड्या कागदी रजिस्टरातच राहिल्या. आधी नंबर दोन्ही प्रकारे टाकून बघा: ४५२ आणि ०४५२. तरी नाही आले तर ज्या कार्यालयात शेवटची नोंद होती तिथे लेखी अर्ज करून तपशील मागा. तोंडी विचारून रजिस्टर कुणी काढत नाही.

माहिती अधिकाराखाली अर्ज करत असाल तर शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सध्याच्या मालकाचे नाव आणि पत्ता द्या’ असे लिहिलेत की खाजगी माहिती म्हणून अर्ज नाकारला जाणार. ऑनलाइनही मालकाचे नाव चांदण्यांनी झाकलेले असते आणि ते योग्यच आहे. विचारायचे ते असे: या क्रमांकाचे वाहन नोंदीत आहे का, चेसिस व इंजिन क्रमांक काय, नोंदणी चालू आहे की रद्द, एनओसी दिली असल्यास कधी आणि कोणत्या कार्यालयाला. सोबत आजोबांचा मृत्यू दाखला आणि आपले नाते दाखवणारा कागद जोडा. नोंदणी रद्द असेल तर रद्द झाल्याची तारीखही विचारा, म्हणजे उगाच आशा लावून बसायला नको.

टीटीओ

नोंद निघाली आणि मालक म्हणून आजोबांचेच नाव दिसले, तर आनंदून जाऊ नका. जुन्या व्यवहारांत विकणारा मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून द्यायचा. घेणारा ते कागद न भरता पुढच्याला द्यायचा. गाडी पाच हातांतून गेली तरी सरकारदरबारी पहिल्याच्या नावे. याचे दोन अर्थ होतात. एक, मधल्या मालकांची साखळी कागदावर मिळणार नाही, ती दलाल आणि गॅरेजवाल्यांकडूनच जुळवावी लागेल. दुसरा अर्थ गंभीर आहे. अपघात झाला तर नोंदीतल्या मालकाला जबाबदार धरतात, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. गाडी परत घ्यायची नसली तरी ही नोंद नीट करून घ्या.

आणि अशा नोंदीच्या जोरावर ‘गाडी आमचीच’ म्हणत आजच्या मालकाच्या दारात जाऊ नका. त्याने पैसे मोजले आहेत, गाडी सांभाळली आहे.

फिटर

कागद संपले की माणसे. गाडीच्या ब्रँडप्रमाणे विचारा. ‘जुनी गाडी बघितली का’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘जीडी नंबरची, काळी, मर्सिडीझ १८०, आधी पेट्रोल होती’ असे विचारले की म्हातारा मेस्त (मिस्त्री) लगेच सांगतो कुणी तिला मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. अशी अदलाबदल सर्रास झाली, कारण मूळ सुटे भाग मिळेनात आणि पेट्रोल परवडेना. म्हणून इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी नाकारू नका. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर आहे का तेवढे बघा. नसेल तर ती पुढे नावावर करताना अडेल.

जीपगाड्यांसाठी डिचोली, सावर्डे, कुडचडे हा खाणपट्टा आधी धुंडाळा. तिथल्या गॅरेजांत चार गाड्यांची मिळून एक झालेली असते, त्यामुळे तिथे चेसिस सोडून कशावरही विश्वास नको.

पत्रेवाले, रेडिएटरवाले आणि गाडीच्या सीट शिवणारे यांना विसरू नका. मेकॅनिक बदलतात, पण तालुक्यात सीट शिवणारे एक-दोनच असतात आणि जुनी प्रत्येक गाडी त्यांच्याकडे येऊन गेलेली असते.

पत्रेकाम

गाडी सापडली, आता तीच आहे का? फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) पाटी रिव्हेटने बसवलेली असते, ती दुसऱ्या गाडीवरून काढून लावता येते. पत्र्यात किंवा चेसिसवर ठोकलेला आकडा पाटीशी जुळला पाहिजे. बीटलमध्ये तो मागची सीट उचलल्यावर मधल्या बोगद्यावर दिसतो. तिथेच उजवीकडे बॅटरी असते आणि आम्लाने आसपासचा पत्रा खाल्लेला असतो. अंधार आणि गंज असला तरी तिथे हात घालाच.

छाप असा घ्यायचा: मऊ फडके रॉकेलमध्ये भिजवून जागा पुसा, सुकू द्या, पातळ कागद ताणून धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका. आकडा पुसट झाला तर आरटीओ निरीक्षक हटकेल आणि खाडाखोडीचा संशय तुमच्यावर येईल. छापात आकड्यांची उंची आणि खोली सारखी आहे का, भोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंगची रेघ आहे का ते बघा.

मूळ रंग दारात उभे राहून कळत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या आत, डॅशच्या खाली, दाराच्या आतल्या पॅडमागे आणि डिकीच्या मॅटखाली बघा. रंगारी तिथपर्यंत पोचत नाही. फोटो कृष्णधवल असला तरी घरातल्या कुणालातरी रंग आठवत असतो, तो इथे जुळतो.

किंमत ठरवण्याआधी गाडी जॅकवर घ्या. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी गोव्यातली गाडी खालून सडते: जॅक लावायच्या जागा, दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, डिकीची कडा. वरून रंग चकचकीत आणि खाली पुट्टी असेल तर लोहचुंबक चिकटत नाही. खिशात एक ठेवा.

वुल्फ्सबुर्ग

परदेशी बनावटीची असेल तर कारखान्याकडे चेसिस नंबर पाठवता येतो. फोक्सवॅगनसाठी वुल्फ्सबुर्गचे ऑटोम्युझियम, मर्सिडीझसाठी कंपनीचा क्लासिक विभाग, ऑस्टिन-मॉरिसच्या परिवारासाठी गेडनचे ब्रिटिश मोटर म्युझियम. शुल्क भरावे लागते, मालकीचा पुरावाही मागू शकतात. दाखल्यावर साधारणपणे बनल्याची तारीख, रंग आणि गाडी कुठे रवाना केली ते येते. ही माहिती घरच्या फोटोशी आणि रंगाशी जुळली तर उरलेला संशय फिटतो.

फॉर्म ३१

मालक गाडी द्यायला तयार असेल तर क्रम चुकवू नका. आजोबांच्या नावावरच असेल तर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला आणि वारसाचा कागद. बाकी वारसांच्या संमतीशिवाय हे पुढे सरकत नाही. दुसऱ्याच्या नावावर असेल तर २९ आणि ३०. परराज्यातून आणताना आधी तिथून फॉर्म २८ ची एनओसी, मग इथे फॉर्म २७ वर नवा नंबर. बँकेचा बोजा नोंदीत राहिला असेल तर फॉर्म ३५. तीस वर्षांपूर्वी फिटलेले कर्जही नोंदीत तसेच लटकलेले सापडते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर ना-हरकत त्या दुसऱ्या बँकेकडूनच आणावी लागते.

खर्चाचे आधीच बघा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये झाले. नंतर वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढले. ६१ पूर्वी बोटीतून उतरलेली गाडी आयात समजली जाऊ शकते, हे बजेट करताना धरा.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी होते. नव्याने नोंदवायला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षे. आधीच नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. ज्यांना आजोबांचाच जीडी नंबर प्लेटवर हवा आहे त्यांच्यासाठी ही वाट महत्त्वाची. मात्र मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठीच बाहेर काढायची, धंद्याला अजिबात नाही. मॅटाडोरचे इंजिन बसवलेली गाडी ‘मूळ रूपात’ या अटीवर अडू शकते, तेव्हा अर्ज भरण्याआधी इंजिनाचा निर्णय घ्या.

फोंडेकर

मालक नाही म्हणाला तर? अल्बमातल्या त्या गाडीच्या फोटोंच्या चांगल्या प्रती काढून त्याला द्या आणि गाडीचे चार फोटो काढू द्या म्हणून विचारा. विकायची वेळ आली तर आधी आम्हाला कळवा, एवढे लिहून आपला नंबर ठेवून या. वर्षातून एकदा, चतुर्थीच्या सुमारास, फोन करा.