तेलगीने 'बाँड' छापले की 'मुद्रांक'?

खानापूरकर : 'स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी' ही मालिका २०२३ साली आली. नकली मुद्रांक प्रकरणातला अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचाच, त्यामुळे मालिकेवरचं बोलणं इकडे अजून सरलेलं नाही. 'त्यानं बाँड छापले' असं सर्रास ऐकू येतं. हे बरोबर आहे का? आणि त्याच्या गुन्ह्याला घोटाळा म्हणावं, अफरातफर की अपहार?

दस्तलेखक : 'बाँड' चूकच. कोर्टाच्या आवारात 'शंभरचा बाँड द्या' म्हणतात तेव्हा हवा असतो कोरा मुद्रांक कागद. बाँड म्हणजे बंधपत्र. त्यात कुणीतरी काही देण्याची किंवा करण्याची हमी लिहून दिलेली असते. कोऱ्या कागदानं कुणीच बांधला जात नाही. 'मुद्रांक' ही कागदावरची सरकारी छाप किंवा चिकटवायचं तिकीट. ती छाप असलेला तो 'मुद्रांक कागद'. हा भेद इथं फार महत्त्वाचा आहे, कारण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते शुल्क भरल्याच्या पुराव्याचे, कागदाचे नव्हेत. खरा कागद नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यातून यायचा. तेलगीनं तिथली मोडीत काढलेली यंत्रं मिळवली, नकली कागद छापले आणि माल खपवला तो बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल अशा घाऊक घेणाऱ्यांकडे. नोंदणीआधी एकेक कागद पारखायची सोय नव्हती, म्हणून हे वर्षानुवर्षं चाललं.

अनुवादक : गुन्ह्याच्या शब्दांबद्दल. 'अपहार' आणि 'अफरातफर' यांत पैसा आधी सोपवलेला किंवा ताब्यात आलेला असतो. सोसायटीच्या सचिवानं ठेवी लाटल्या तर ती अफरातफर. छापलेला कागद खरा म्हणून विकणं ही फसवणूक. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या (२०२४ मध्ये तिची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली) मराठी पाठात दोन वेगळे शब्द होते, ते कृपया मिसळू नयेत : कलम २५५ मध्ये शासकीय मुद्रांकाचं 'नकलीकरण', शिक्षा जन्मठेपेपर्यंत, कलम ४६३ मध्ये खोटा दस्त करण्याचं 'बनावटीकरण'. म्हणून बातमीत 'नकली मुद्रांक' लिहावं. 'घोटाळा' चालतो, पण सैल आहे. 'उताऱ्यावर नावाचा घोटाळा झालाय' म्हणताना कुणाचा वाईट हेतू नसतोही.

निपाणीकर : कन्नडमध्ये 'छापा कागद' म्हणतात. मराठीत 'छापा' म्हटलं की पोलिसांची धाड आठवते, त्यामुळे कन्नड मथळ्याचं भाषांतर करताना तो शब्द तसाच उचलू नका.

खानापूरकर : मग आता मिळतो त्या ई-स्टँपला काय म्हणायचं? तो तर साधा छापील कागद.

दस्तलेखक : 'ई-मुद्रांक प्रमाणपत्र'. त्यावर कर्नाटकात 'आयएन-केए'नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो ई-मुद्रांकाच्या संकेतस्थळावर टाकून शुल्क, तारीख आणि दोन्ही पक्षांची नावं जुळवून बघायची. कागद हातात घेऊन पारखण्यात अर्थ नाही. घेताना दोन्ही पक्षांची नावं, दस्ताचा प्रकार आणि मोबदल्याची रक्कम लेखी द्या, तोंडी सांगू नका. 'पाटील'चं इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे नसलं तर अडचण होते, कारण एकदा निघालेल्या प्रमाणपत्रात दुरुस्ती होत नाही, नवंच घ्यावं लागतं. आणि जमीन चंदगड तालुक्यात असेल तर बेळगावात काढलेला कर्नाटकचा ई-मुद्रांक त्या खरेदीखताला उपयोगी नाही. शुल्क महाराष्ट्राचं भरायचं, नोंदणी तिकडच्या दुय्यम निबंधकाकडे.