लेप्टो ठाऊक नाही, की बूट चिखलात टिकत नाही?

निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी: कृषी पदवीची मुले भातलावणीच्या प्रात्यक्षिकाला अनवाणी उतरतात आणि आठवड्याने तापाने फणफणून घर गाठतात. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाने, माणसे दगावली. तरीही तो कशाने होतो, हे या मुलांना ठाऊक नसावे, ही शिक्षणाची नामुष्की आहे.

माजी विद्यार्थी, दापोली: सर, ठाऊक नाही हे आपण कशावरून ठरवलेत? उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतले जंतू साचल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतात, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. मी गमबूट घालूनच उतरलो होतो. चौथ्या पावलाला पाय वर आला, बूट चिखलातच राहिला आणि तरवा (भाताची रोपे) लावणाऱ्या बायका हसत सुटल्या, तेव्हा बूट बांधावर ठेवले. टाचेला भेग होती. नवव्या दिवशी हुडहुडी भरली, डोळे लाल झाले, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की वसतिगृहाचा जिना उतरवेना. डॉक्टरांनी विचारले नाही आणि मीही शेतात उतरल्याचे सांगितले नाही, म्हणून चार दिवस 'व्हायरल' समजून पॅरासिटामॉल घेत राहिलो. माझी चूक ती.

शेतकरी, लांजा: आमच्या वाडवडिलांनी कधी बूट घातला नाही. बूट घालून लावणी होत नाही, हे ज्याने लावणी केली त्यालाच कळते.

परिचारिका, कुडाळ: वाडवडिलांचे सांगू नका, तेव्हा या तापाला नाव नव्हते, अंग पिवळे पडले की कावीळ म्हणून झाडपाला देत. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन ही लेप्टो टाळण्यासाठीची गोळी देतो, तर हीच शिकलेली मुले ती रिकाम्या पोटी घेतात आणि मळमळले की पुढच्या गोळ्या फेकून देतात. सर अगदीच चुकलेले नाहीत.

माजी विद्यार्थी: ताई, जेवून घ्या, असे देताना कोणी सांगितले? आमच्याकडे वहीत सही घेऊन गोळी हातावर ठेवली, एवढेच.

परिचारिका: मी सांगते. सगळ्याच सांगत नाहीत, हे खरे आहे.

शेतकरी: बूट घालायचाच असेल तर एक माप लहान घ्या आणि घोट्याशी सुंभ आवळून बांधा. माझा मुलगा तसाच उतरतो. मला ते आवडत नाही, पण त्याचा बूट राहतो पायात.

माजी विद्यार्थी: म्हणजे लावणी होते तर!

शेतकरी: सावकाश होते.

निवृत्त प्राध्यापक: उतरण्यापूर्वी मुलांचे पाय तपासावेत आणि ताप आल्यावर डॉक्टरांना शेताबद्दल आधी सांगावे, हे शिकवायचे राहिले, एवढे मी मान्य करतो. मी आयुष्यभर कोरड्या बांधावरून शिकवले, असे आपणास म्हणायचे असेल, तर तेही एकदाचे म्हणून टाका.