दरडींच्या पूर्वसूचनेसाठी सेन्सर-जाळे: पीएच.डी.साठी नेमका कोणता प्रश्न घ्यावा?

धागाकर्ता:
माझे इलेक्ट्रॉनिक्समधील एम.टेक. पूर्ण झाले आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हापासून याच कामासाठी बिनतारी सेन्सर-जाळ्यांवर संशोधन करावे, असे मनाने घेतले आहे. ऊर्जा वाचवणारी नवी राउटिंग पद्धत (म्हणजे एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे माहिती पुढे नेण्याची वाट ठरवणे) हा विषय मला सुचवण्यात आला आहे. जाणकारांनी सल्ला द्यावा.

प्रतिसाद १:
राउटिंगवर पुष्कळ काम झालेले आहे. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा रेडिओ-पट्टा परवानामुक्त असून लोरा (कमी विजेत दूरवर माहिती पाठवणारे रेडिओ तंत्र) वापरल्यास नोड, म्हणजे जाळ्यातील प्रत्येक सेन्सर-यंत्र, थेट गेटवेला (सर्वांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राला) माहिती पाठवतो. डोंगराच्या आडोशाला गेटवे कुठे बसवावा, एवढा प्रश्न मात्र उरतो.

प्रतिसाद २:
माझ्या मते खरा प्रश्न आकड्यांवर विश्वास किती ठेवावा, हा आहे. इक्वाडोरमधील रेव्हेंटाडोर ज्वालामुखीवर २००५ मध्ये १६ नोड १९ दिवस चालवले गेले, तेव्हा नोंदींच्या वेळाच चुकल्याचे आढळले आणि त्या नंतर दुरुस्त कराव्या लागल्या.

मी काळ्या मातीत ओलाव्याचे सेन्सर पुरले होते. एप्रिलमध्ये सेन्सरला लागूनच बोटभर रुंदीची भेग पडली, आत हवा शिरली आणि आकडा शून्याजवळ आला; शेजारचे ढेकूळ फोडून पाहिले, तर आत ओल होती.

दरडीसाठी तर नुसता ओलावा पुरत नाही, कारण मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला की उताराची पकड सुटते. म्हणूनच केरळमधील मुन्नार येथे अमृता विद्यापीठाच्या जाळ्यात हा दाब खोल विंधनछिद्रांत मोजला जातो. त्यातच पावसाळ्यात आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले असते, सौर पॅनेलवर बॅटरी भरत नाही आणि धोक्याचे दिवसही तेच असतात. अशा वेळी एखादा नोड गप्प झाला, तर त्याची बॅटरी संपली की उतार सरकून तो गाडला गेला, हे शेजारच्या नोडांवरून कसे ठरवावे? हा विषय आपण जरूर घ्यावा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. सुरुवात किती नोडांनी करावी?

प्रतिसाद २:
एकाच उतारावर पाच पुरेत. मे महिन्यातच बसवावेत, संपूर्ण पावसाळा जाऊ द्यावा आणि प्रत्येक बिघाडाची तारीख व कारण वहीत नोंदवावे. त्या वहीवाचून पुढचे गणित मांडता येणार नाही.